‘ही’ आणि “ही”: तिसरीच्या वर्गातील इंग्रजी सर्वनामांचे एक प्रकरण

मराठी माध्यमाची द्विशिक्षकी शाळा. तिसरी आणि चौथी एकाच खोलीत बसतात, तिसरीची १४ मुले आणि चौथीची १०. इंग्रजीचा तास ३५ मिनिटांचा, आठवड्यातून चार वेळा. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीलाच इंग्रजी सुरू झाले, त्यामुळे तिसरीच्या मुलांच्या कानावर ही भाषा दोन वर्षे पडलेली आहे. हा वर्ग कुण्या एका गावाचा नाही. अशा वर्गांत जे वारंवार दिसते ते एका नमुना वर्गावर बसवून मांडले आहे, म्हणजे कोणती चूक कुठे होते आणि तिच्यावर काय करायचे हे जागच्या जागी दाखवता येईल. लिहिताना मराठी शब्द एकेरी अवतरणात आणि इंग्रजी शब्द दुहेरी अवतरणात ठेवले आहेत. या विषयात हा फरक किती गरजेचा आहे ते पुढे दिसेलच.

मुलांना काय येते आणि कुठे अडते

या मुलांना तक्ता पाठ आहे. “आय” म्हणजे ‘मी’, “वी” म्हणजे ‘आम्ही’, “यू” म्हणजे ‘तू’, “ही” म्हणजे ‘तो’, “शी” म्हणजे ‘ती’, “इट” म्हणजे ‘ते’, “दे” म्हणजे ‘ते’. चौदापैकी बहुतेक जण हे न अडखळता म्हणतात. पण वाक्य करायला सांगितले की पुढचे कानावर येते:

“ही इज माय सिस्टर.”
“मी इज राजू.”
खुर्चीकडे बोट दाखवून, “शी इज ब्राउन.”
“माय फादर ही इज अ फार्मर.”
चित्रातल्या मुलाबद्दल नुसतेच, “इज प्लेइंग.”
आजोबांबद्दल, “दे आर ओल्ड.”

तक्ता पाठ आणि वाक्य चुकीचे, म्हणजे मुलाचे लक्ष नाही, असा निष्कर्ष पटकन काढला जातो. तो चुकीचा आहे. वरच्या सहाही वाक्यांत मुलाने विचार केलेला आहे, फक्त तो मराठीच्या नियमाने केलेला आहे. आणि तो नियम त्याच्या हाती आपल्याच तक्त्याने दिला आहे.

तक्त्याच्या शेवटच्या दोन ओळी पाहा. “इट” म्हणजे ‘ते’ आणि “दे” म्हणजेही ‘ते’. मुलाने ‘ते’वरून इंग्रजीत जायचे तर कोणत्या रस्त्याने? मराठीतला ‘ते’ तीन कामे करतो. ‘ते पुस्तक’ यात तो नपुंसकलिंगी एकवचनी आहे, ‘ते मुलगे’ यात पुल्लिंगी अनेकवचनी, आणि ‘ते आजोबा’ यात आदरार्थी. ‘ती’ची गत तीच. ‘ती मुलगी’ एकटी, पण ‘ती मुलं’ अनेक. मैदानावरच्या पाच मुलांकडे पाहून एखादे मूल “शी आर प्लेइंग” म्हणते तेव्हा त्याच्या मनात ‘ती मुलं खेळतायत’ हे निर्दोष मराठी वाक्य असते.

मूळ फरक असा. मराठीत सर्वनाम शब्दाचे लिंग पाहते आणि इंग्रजीत ते माणूस पाहते. खुर्ची स्त्री नाही, तरी मराठीत ‘ती’ आहे. इंग्रजीला खुर्ची या शब्दाशी देणेघेणे नाही, तिथे प्रश्न एवढाच की समोर माणूस आहे की वस्तू. हा फरक मुलाच्या हातात आला की निम्म्या चुका गळतात, आणि तो तक्त्यातून कधीच हातात येत नाही. म्हणून या प्रकरणातला पहिला निर्णय हा की तक्ता भिंतीवरून उतरवायचा आणि सहा आठवडे परत लावायचा नाही.

कानाचे सापळे

याच्या जोडीला दुसरे एक संकट आहे. बहुतेक मार्गदर्शक पुस्तिका दुसऱ्या भाषिकांसाठी लिहिलेल्या असल्यामुळे त्यांत ते सापडत नाही. इंग्रजी सर्वनामे मराठी कानाला ओळखीच्या शब्दांसारखी ऐकू येतात, आणि नेमकी उलट्या अर्थाची.

“ही” म्हणजे मुलगा, पण मराठीत ‘ही’ म्हणजे जवळची मुलगी. बाईंनी मीनाच्या खांद्यावर हात ठेवून विचारले की मुलाच्या तोंडात आधी ‘ही मीना’ येते आणि तेच इंग्रजीत ओतले जाते. “मी” म्हणजे ‘मला’, पण मराठीत ‘मी’ हा कर्ता, म्हणून “मी इज राजू”. “शी” ऐकले की वर्ग हसतो. “दे” म्हणजे मागणे. “माय” ही खानदेश-वऱ्हाडात आई, आणि पश्चिम महाराष्ट्राच्या खेड्यांत “आय” हीसुद्धा आईच. यांतले “आय” आणि “माय” फार त्रास देत नाहीत, कारण वाक्यातली त्यांची जागा वेगळी पडते. “शी”चे हसू दोन दिवसांत ओसरते, त्यावर रागावू नये. खरे चिवट दोनच, “ही” आणि “मी”. या दोघांसाठी पुढे शिकवण्याचा क्रमच बदलला आहे.

पहिला आठवडा: चाचपणी

शिकवण्याआधी प्रत्येक मुलाकडून १२ वाक्ये तोंडी काढायची. एका मुलाला सुमारे दोन मिनिटे लागतात. चौथीला लेखनकाम देऊन दोन तासांत चौदा मुले होतात. बारा वस्तू किंवा चित्रे अशी: मूल स्वतः, समोरचा मित्र, मुलाचे चित्र, मुलीचे चित्र, खडू, पाटी, पुस्तक, दोन मुलगे, दोन मुली, तीन वह्या, आजोबांचे चित्र, आणि शेवटी मूल व त्याचा शेजारी मिळून. खडू, पाटी, पुस्तक हे मुद्दाम निवडले आहेत, मराठीत ते अनुक्रमे ‘तो’, ‘ती’, ‘ते’ आहेत.

इथे एक चूक हमखास होते. शिक्षक विचारतात, “व्हॉट कलर इज इट?” आणि मूल उत्तर देते, “इट इज रेड.” बरोबर उत्तराची खूण पडते, पण ते “इट” शिक्षकाच्या प्रश्नातूनच उचललेले असते. चाचपणीच्या प्रश्नात सर्वनाम येता कामा नये. “दिस इज अ बुक. व्हॉट कलर?” एवढेच विचारून थांबायचे. माणसांच्या चित्रासाठी, “दिस इज रवी. हॅपी ऑर सॅड?” मूल ज्या सर्वनामाने सुरुवात करेल ते त्याचे स्वतःचे.

नोंद करताना चूक-बरोबर एवढेच लिहिले तर पुढे उपयोग होत नाही. चुकीचे कारण एका अक्षरात लिहायचे: ‘ल’ म्हणजे मराठी लिंग आणले, ‘व’ म्हणजे वचनाचा घोटाळा, ‘आ’ म्हणजे आदरार्थी अनेकवचन, ‘ध’ म्हणजे ध्वनीचा सापळा, ‘ग’ म्हणजे सर्वनाम गाळले, ‘दु’ म्हणजे नाव आणि सर्वनाम दोन्ही आले. एका पानावर चौदा ओळी आणि बारा रकाने. पान भरले की वर्गाचा चेहरा दिसतो. एका रकान्यात ‘ल’ ओळीने लागले असतील तर तो सगळ्यांना शिकवायचा मुद्दा आहे. एखादे अक्षर दोनच मुलांकडे असेल तर ते त्या दोघांशी बोलायचे.

पाटीच्या रकान्यात ‘ल’ सर्वांत जास्त आणि पुस्तकाच्या रकान्यात सर्वांत कमी, असे चित्र दिसणे स्वाभाविक आहे. याचा अर्थ मुलांना “इट” येते असा नाही. पुस्तक मराठीतही ‘ते’च असल्यामुळे उत्तर योगायोगाने बरोबर पडते. म्हणून फक्त पुस्तक, दप्तर, फूल असली उदाहरणे घेऊन “इट” शिकवले की वर्गात सगळे बरोबर येते आणि बाहेर पाटी दिसली की कोसळते.

घरच्या बोलीचाही विचार करावा लागतो. मालवणी किंवा कोकणी बोलणाऱ्या घरांत लहान मुलीला नपुंसकलिंगी बोलण्याची रीत आहे. तिथले मूल धाकट्या बहिणीला “इट” म्हणाले तर ती त्याच्या घरातली मायेची भाषा आहे. तीही ‘ल’चीच नोंद, पण तिचे मूळ माहीत असले की आपला सूर बदलतो.

दुसरा आठवडा: “आय” आणि “यू”

रोज तासाची पहिली १५ मिनिटे यासाठी, उरलेल्या वेळात नेहमीचा पाठ.

“आय” आणि “यू” यांना सामुदायिक पाठांतर चालत नाही. शिक्षक म्हणतात, “आय एम युवर टीचर,” आणि वर्ग एका सुरात म्हणतो, “आय एम युवर टीचर.” शिक्षक मुलाकडे बोट दाखवून “यू आर राजू” म्हणतात आणि राजू मान डोलावून “यू आर राजू” म्हणतो. आवाज बरोबर, अर्थ उलटा. ही दोन सर्वनामे बोलणारा बदलला की माणूस बदलतात, आणि मागून म्हणण्यात बोलणारा बदलल्याचे भानच राहत नाही.

म्हणून चौथीची दोन मुले समोर उभी करायची. पहिला स्वतःच्या छातीवर तळहात ठेवून, “आय एम अमोल.” मग तोच हात समोरच्याकडे उघडून, “यू आर सीमा.” सीमाही तसेच. तिसरीची मुले नुसती पाहतात. तीन जोड्या झाल्यावर तिसरीच्या मुलांना समोरासमोर दोन रांगांत उभे करायचे. सात आणि सात. प्रत्येकाने दोन वाक्ये म्हणायची, मग एक रांग एक पाऊल सरकते, जोड्या बदलतात. सात फेऱ्यांत प्रत्येकाची चौदा वाक्ये होतात आणि सगळे सहा-सात मिनिटांत आटोपते. हात छातीवर गेल्याशिवाय “आय” म्हणायचे नाही एवढा एकच नियम. तळहात छातीवर असताना “यू” तोंडातून निघणे अवघड जाते.

“मी इज राजू” म्हणणारी मुले याच आठवड्यात हेरायची. त्यांना “नाही, आय म्हण” असे सांगून भागत नाही. “आयम” हा जोडशब्द एका श्वासात म्हणायला लावायचा: “आयम राजू. आयम एट. आयम हंगरी.” ‘मी’ची जागा अख्ख्या “आयम”ने घेतली की सापळा सुटतो. याचे एक देणे पुढे फेडावे लागते. काही आठवड्यांनी “आयम गो टू स्कूल” ऐकू येईल, कारण मुलाने “आयम” हा एकच शब्द धरला आहे. ती चूक नंतर सुधारता येते, ‘मी’ची सवय पक्की झाली तर मोडत नाही. दोन चुकांतली ही परवडणारी.

त्याच आठवड्यात “यू”बद्दल मराठीतून दोन मिनिटे बोलायला हवे. मुलांना बाईंना “यू” म्हणताना अवघडल्यासारखे होते, कारण तक्त्यात “यू” म्हणजे ‘तू’ लिहिले आहे. वस्तुस्थिती उलट आहे. इंग्रजीत जुना ‘तू’ होता, “दाऊ”. तो रोजच्या बोलण्यातून गेला आणि अनेकवचनी, आदरार्थी “यू” तेवढा उरला. म्हणजे इंग्रजीत लहानथोर सगळ्यांनाच ‘तुम्ही’ म्हणतात. हे सांगितले की मुले निर्धास्तपणे बाईंशी “यू” वापरतात.

तिसरा आठवडा: आधी “शी”, मग “ही”

“ही” आणि “शी” एकाच दिवशी शिकवण्याची पद्धत आहे. मराठी मुलांसाठी ती टाळावी. दोन सारखे वाजणारे शब्द, त्यातला एक मराठीत उलट्या अर्थाचा, आणि दोन्ही नवे, म्हणजे मूल पुढे वर्षभर अंदाजाने बोलणार. पहिले दोन दिवस फक्त “शी” घ्यायचे. आई, आजी, बहीण, बाई, वर्गातल्या मुली, पाठ्यपुस्तकातली चित्रे. “शीज मीना. शीज टॉल. शीज इन क्लास फोर.” मुलीकडे पाहिले की “शी” आपोआप आले पाहिजे इतके घोटायचे. तिसऱ्या दिवशी “ही” आणायचे, तेही लांबच्या मुलग्यापासून. खिडकीबाहेर मैदानात उभा असलेला चौथीतला मुलगा, किंवा भिंतीवरचे चित्र. जवळच्या व्यक्तीवर मराठी ‘हा-ही’ जागे होते, लांबच्यावर ‘तो-ती’ येते. लांबून सुरुवात केली की ‘ही’ आडवी येत नाही. जवळच्या मुलग्याला “ही” म्हणणे चौथ्या दिवशी.

लिहिताना “शी”च्या स्पेलिंगमध्ये “ही” पूर्ण दडलेला असतो, पुढे एक “एस” लागतो एवढेच. घाईत तो “एस” गळतो आणि तोंडी बरोबर असलेले मूल लेखी चुकते. तोंडी नोंद आणि लेखी नोंद यासाठीच वेगळी ठेवायची. “दे”मधला शेवटचा “वाय” गळून “द” उरणे हीही त्याच जातीची चूक, सर्वनामाशी तिचा संबंध नाही. आणि “आय” हे सर्वनाम वाक्यात कुठेही आले तरी मोठ्या अक्षरातच लिहायचे, हे पहिल्या दिवसापासून.

“हीज” हा जोडशब्द मात्र जपून वापरावा. पुढे “हिज” येणार आहे आणि मराठीभाषक मुलाच्या कानाला दोन्हीतला ऱ्हस्व-दीर्घ फरक जाणवेलच असे नाही. म्हणून “शीज” बिनधास्त, पण “ही इज” सुटे.

चौथा आठवडा: पंधरा वस्तूंची टोपली

या प्रकरणाचा गाभा हा तास आहे, म्हणून त्याला पूर्ण ३५ मिनिटे द्यावीत.

पंधरा वस्तू गोळा करायच्या. ‘तो’च्या पाच: खडू, डबा, चेंडू, दगड, पेला. ‘ती’च्या पाच: पाटी, वही, पट्टी, बाटली, पिशवी. ‘ते’च्या पाच: पुस्तक, दप्तर, फूल, कुलूप, झाडाचे पान. पेन घेऊ नये. कुठे ‘तो पेन’ म्हणतात तर कुठे ‘ते पेन’, आणि तास त्या वादात जातो.

जमिनीवर खडूने तीन गोल काढायचे आणि मुलांना मराठीतून वस्तू लावायला सांगायचे, ‘तो’ एका गोलात, ‘ती’ दुसऱ्यात, ‘ते’ तिसऱ्यात. तिसरीची मुले हे चार-पाच मिनिटांत बिनचूक करतात आणि आपल्याला येते याचा त्यांना आनंद होतो. तो आनंद कामाचा आहे. मग विचारायचे, पाटी मुलगी आहे का? खडू मुलगा आहे का? नाही. मग ‘ती पाटी’ का म्हणतो? कारण मराठीत तसेच म्हणतात. आता एक मोठी टोपली आणायची आणि तिन्ही गोलांतल्या सगळ्या वस्तू मुलांनी स्वतःच्या हाताने तिच्यात टाकायच्या. प्रत्येक वस्तू टाकताना एक वाक्य: “इट इज अ स्लेट.” “इट इज अ बॉल.” टोपलीवर मोठ्या अक्षरात “इट”. इंग्रजीला तीन गोल दिसत नाहीत, टोपली दिसते.

वस्तू हाताने टाकणे गाळू नये. फळ्यावर तीन रकाने आणि बाण काढून हाच भाग पाच मिनिटांत उरकता येतो, पण मग पुढच्या आठवड्यात खुर्ची पुन्हा “शी” होते. तीन ठिकाणांहून उचलून एका ठिकाणी टाकण्याची कृती हीच या तासाची शिकवण आहे.

दुसऱ्या दिवशी टोपलीचा उलटा परिणाम दिसतो. मुले माणसांनाही “इट” म्हणू लागतात. “दिस इज माय ब्रदर. इट इज रवी.” ही वाढीची चूक आहे. टोपलीशेजारी आता दोन खुर्च्या मांडायच्या, एक “ही”ची, एक “शी”ची, आणि चित्रे व वस्तू मिसळून द्यायच्या. माणूस खुर्चीवर, वस्तू टोपलीत. दहा मिनिटांत निवळते.

जनावरांचे काय? पुस्तके “इट” म्हणायला सांगतात. पण शेतकऱ्याच्या घरातल्या मुलाच्या गाईला नाव असते, आणि अशा ओळखीच्या जनावराला इंग्रज माणूसही “शी” म्हणतो. मुलाने आपल्या गाईला “शी” म्हटले तर ते बरोबरच धरायचे. रस्त्यावरचा अनोळखी कुत्रा “इट”. तान्ह्या बाळाला मराठीत ‘ते’ म्हणतो, इंग्रजीत नाव माहीत असेल तर “ही” किंवा “शी” म्हणणेच चांगले.

पाचवा आठवडा: “दे”, “वी” आणि आजोबा

“वी” सोपे आहे. मराठीत ऐकणाऱ्याला वगळून ‘आम्ही’ आणि त्याला धरून ‘आपण’ असे दोन शब्द आहेत, इंग्रजीत दोन्हींना “वी”. दोनाचे एक करणे मुलांना जड जात नाही. एका तासात होते.

“दे”साठी मोजणी वापरायची. एक वही दाखवून “इट”, तीन वह्या दाखवून “दे”. एक मुलगी “शी”, दोन मुली “दे”. मराठीत ‘ते’, ‘त्या’, ‘ती’ असे तीन अनेकवचनी, इंग्रजीत एकच. इथे लिंग पाहायचेच नाही, फक्त एकाहून अधिक आहेत का एवढे पाहायचे. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर चित्रे चिकटवून ३० पत्ते करायचे, निम्म्यांवर एक गोष्ट, निम्म्यांवर अनेक. पत्ता वर केला की वाक्य. सर्वनामाला क्रियापद इथेच जोडायचे आणि पत्त्यांच्या कडा रंगवायच्या: “आय”ला “एम” लाल, “ही-शी-इट”ला “इज” निळी, “यू-वी-दे”ला “आर” हिरवी. नियम सांगण्यापेक्षा रंग लवकर मुरतो.

मग आजोबा. मुलाने आजोबांना “दे” म्हटले तर ती या वर्गातली सर्वांत सुसंस्कृत चूक आहे, आणि ती सुधारताना मुलाला आपण आजोबांचा मान कमी करतोय असे वाटता कामा नये. आधी कारण मराठीतून सांगायचे. मराठीत एकट्या आजोबांना ‘आजोबा आले’ असे अनेकवचनात बोलून मान देतात. इंग्रजीत “ही” आणि “शी” या शब्दांत मान नाही आणि अपमानही नाही. तिथे मान “सर”, “मॅडम”, “प्लीज”, “थँक यू” अशा शब्दांतून आणि आवाजातून दिला जातो. मग आजोबा, आजी, वडील, आई, बाई, सरपंच अशी सहा चित्रे घेऊन वाक्ये घ्यायची. हा ‘आ’ शेवटपर्यंत टिकतो. आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या तोंडात वडिलांसाठी तो निळा “इज” यायला वेळ लागतो, आणि तो वेळ द्यायचा.

सहावा आठवडा: गाळणे, दुहेरी येणे आणि लेखन

“इज प्लेइंग” यातले सर्वनाम का गळते? मराठीत क्रियापदच कर्ता सांगते. फळ्यावर दोन वाक्ये लिहायची: ‘शाळेत गेली.’ “वेंट टू स्कूल.” पहिल्यात कोण गेले? मुले लगेच सांगतात, मुलगी. दुसऱ्यात? कुणालाच सांगता येत नाही. इंग्रजी क्रियापद मुके आहे, म्हणून पुढे “शी” लागते. या पाच मिनिटांच्या खेळाने जे होते ते “पूर्ण वाक्यात उत्तर द्या” असे महिनाभर सांगून होत नाही.

तसे पाहिले तर “व्हॉट इज शी डुइंग?” या प्रश्नाला “रीडिंग” हे नैसर्गिक इंग्रजी उत्तर आहे. तिथे पूर्ण वाक्याची सक्ती करणे म्हणजे मुलाला कारण नसलेले काम देणे. सर्वनाम खरोखर लागेल अशी जागा तयार करावी. दोन मुले पाठीला पाठ लावून बसतात. एकाच्या हातात चित्र, दुसऱ्याच्या पुढे तशी आठ चित्रे. पहिला सांगतो, “शी इज रीडिंग.” दुसरा आठांतून चित्र उचलतो. आठ चित्रांत मुलगा वाचतोय, मुलगी वाचतेय, दोघे वाचताहेत, आणि हेच तिघे धावताहेत असे असावे. उरलेली दोन चित्रे वस्तूंची. सर्वनाम गाळले तर दुसऱ्याला तीनांतून निवडता येत नाही आणि तो वैतागून “हू?” विचारतो. ती विचारणा शिक्षकाच्या सुधारणेपेक्षा चांगली लागते.

“माय फादर ही इज अ फार्मर” हे ‘माझे वडील, ते शेतकरी आहेत’ या बोलण्याचे प्रतिबिंब. यावर तोंडी उपाय करत बसू नये, लेखनात सुधारते. फळ्यावर हा उतारा: “मीना इज माय सिस्टर. मीना इज सिक्स. मीना हॅज अ बॅग. द बॅग इज रेड. मीना लाइक्स द बॅग.” मुलांनी वाचून सांगायचे की कानाला काय खटकते. मग पहिले नाव तसेच ठेवून पुढची नावे पुसायची आणि पुसलेल्या जागीच सर्वनाम लिहायचे. नाव पुसल्याशिवाय सर्वनाम लिहायला जागाच नाही, त्यामुळे दोन्ही एकदम येत नाहीत. उत्साहात मुले पहिली मीनाही पुसतात. तेव्हा उतारा बाहेरून आलेल्या चौथीच्या मुलाला वाचायला द्यायचा. “शी म्हणजे कोण?” असे तो विचारतो. नाव आधी लागते, हे मुलांना तिथेच कळते. दुसऱ्या दिवशी उताऱ्यात सीता आणायची. आता “शी” म्हणजे मीना की सीता? अशा ठिकाणी नावच पुन्हा लिहायचे, हेही शिकवायचे.

“हिज” आणि “हर” याच आठवड्यात तोंडओळखीपुरते. इथे मराठी मदतीला येते. ‘त्याचा, त्याची, त्याचे’ यांचे शेपूट कापले तर ‘त्या’ उरतो, तो “हिज”. ‘तिचा, तिची, तिचे’ यांतून ‘ति’ उरते, ती “हर”. मुलांचे लक्ष शेपटाकडे जाते, म्हणून ‘तिचा भाऊ’ऐवजी “हिज ब्रदर” येते. भाऊ पुल्लिंगी दिसला की “हिज”. फळ्यावर शेपूट पुसून दाखवायचे, मग ही चूक पुष्कळ कमी होते. कर्म म्हणून येणारे “मी” मात्र एकाच साच्यात, “गिव्ह मी द बॉल.” चेंडू गोल फिरवत हा खेळ घ्यायचा, पण “दे”चा सराव त्या दिवशी नको. मागताना मुलांच्या तोंडून मराठी ‘दे’ सुटतेच आणि दोन्ही एकमेकांत मिसळतात.

पुन्हा चाचपणी

शेवटच्या दोन तासांत पहिल्याच बारा गोष्टी, आणि पहिल्या चाचपणीत नसलेल्या चार नव्या: घंटा, दोन पाट्या, आजी, मैदानावरची मुले-मुली मिळून. तेच पान, तीच अक्षरे, वेगळ्या रंगाची शाई. सोळांपैकी बारा बरोबर असतील तर ते मूल पुढे चालले आहे असे धरायला हरकत नाही. पण बेरजेपेक्षा उरलेली अक्षरे पाहावीत. ‘ल’ अजून राहिले असेल तर त्या मुलासाठी टोपली पुन्हा काढायची, पाच वस्तू आणि पाच मिनिटे, आठवड्यातून दोनदा. ‘ध’ राहिले असेल तर लांबच्या मुलग्यापासून पुन्हा सुरुवात. फक्त ‘आ’ राहिले असेल तर सोडून द्यायचे. चौथीत गोष्टी वाचू लागल्यावर त्या मुलाला “ही” म्हटलेले शेकडो म्हातारे भेटतील आणि ते आपोआप जाईल.

तक्ता आता भिंतीवर परत लावता येतो. फक्त मराठी अर्थांचा रकाना कापून, त्या जागी मुलांनी काढलेली चित्रे चिकटवून.